नौकेवरील तारेचा सांधा



केरळात कोल्लमजवळील नींदकरा येथे १९५३ साली भारत-नॉर्वे प्रकल्पाचे काम सुरू झाले आणि यांत्रिक नौकांवरील मासेमारीला तेथे चालना मिळाली. आज अशा नौकेच्या सुकाणूघरात व्ही.एच.एफ. रेडिओ, खोली व मासे दाखविणारे प्रतिध्वनियंत्र आणि उपग्रहाच्या साह्याने स्थान सांगणारे उपकरण आढळते. २०१७ सालच्या ओखी चक्रीवादळात केरळ व तामिळनाडूचे अनेक मच्छीमार मृत्युमुखी पडले. खोल समुद्रातील कित्येक नौकांपर्यंत इशारा पोहोचलाच नव्हता. म्हणून या उपकरणाची तार तुटली, तर तेथेच सांधा द्यावा की बंदर गाठून अखंड तार ओढावी, हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

सांध्याचा मुख्य दोष असा, की तो निकामी झाला तरी निकामी दिसत नाही. खारे पाणी तारेच्या पेडांत शिरते, तांबे हिरवे पडते आणि विद्युतरोध वाढतो. समजा, तो अर्धा ओहम झाला. रेडिओ ऐकण्यासाठी सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह लागतो; तेव्हा दाब केवळ पाव व्होल्टने घटतो आणि यंत्र उत्तम चालते. बोलण्यासाठी मात्र सुमारे पाच अँपिअर लागतात. आता अडीच व्होल्ट सांध्यातच खर्च होतात आणि बारा व्होल्टच्या यंत्राला साडेनऊच मिळतात. जो रेडिओ रोज बातम्या ऐकवतो, तोच संकटाची हाक देताना मुका होतो. शिवाय त्या बोटभर सांध्यात सुमारे बारा वॅट उष्णता साठते. फ्यूज अतिरिक्त प्रवाहानेच वितळतो. येथे प्रवाह वाढलेलाच नसल्याने तो रक्षण करीत नाही.

तेव्हा जोखीम दोन बाजूंनी तोलावी : सांधा बिघडण्याचा संभव किती, आणि बिघडल्यास हानी कोणाची? केबिनमधील दिव्याची तार सांधण्यास हरकत नाही. अंधार तत्काळ कळतो. रेडिओच्या वीजतारेला सांधा द्यावाच लागला, तर कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची तार घ्यावी, जोडनळी योग्य पकडीने दाबून बसवावी आणि वर आतून चिकट असलेले, उष्णतेने आकसणारे आवरण चढवावे. केवळ डाखावर विसंबू नये. डाख जेथे संपतो तेथे तार ताठर होते आणि इंजिनाच्या कंपनाने तुटते. सांधा तळाच्या पाण्यापासून उंच, नजरेस पडेल असा असावा. अँटेनाच्या समाक्ष तारेचे पेड मात्र पिळून जोडू नयेत. तिची पन्नास ओहमची घडण तेथे बिघडते. प्रतिध्वनियंत्राचा क्षीण संकेतही असा सांधा सहन करीत नाही.

शेवटी कसोटी भारासह घ्यावी. संकटकाळासाठी राखलेली सोळावी वाहिनी सोडून दुसऱ्या वाहिनीवर बोलण्याची कळ दाबावी आणि त्याच क्षणी यंत्राच्या अग्रांवरील दाब मोजावा. तो फारसा घसरला नाही, तर परतीच्या प्रवासापुरता सांधा चालेल. घसरला, तर सारंगाने जाळे आवरून बंदराकडे वळावे. एका दिवसाची मासळी बुडते, हे खरे. परंतु ते नुकसान मोजता येते आणि पुढच्या फेरीत भरूनही निघते.