पहिल्या तपासणीतच साखर पाहा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा त्यांना वाटले असेल, ही मुरंब्याबद्दल काही सांगेल. मी साखरेबद्दलच बोलणार आहे, पण ती रक्तातली. गरोदरपणात जो मधुमेह होतो, त्याबद्दल. मी काही डॉक्टरीण नव्हे, सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाचीबरोबर दवाखान्यात खेपा झाल्या, तेथे विचारून आणि मागाहून वाचून जे नीट समजले तेवढेच सांगते.

हा मधुमेह मुका असतो. बहुतेकींना काहीच होत नाही. आणि तहान, थकवा जाणवलाच, तर दिवस गेलेल्या बाईला तो असायचाच, असे आपण म्हणतो. लघवीच्या तपासणीवरही विसंबता येत नाही. रक्तच पाहावे लागते.

हे होते कसे? बाळासाठी जी वार तयार होते, तिच्यातून काही रस आईच्या रक्तात येतात. त्यांच्यामुळे आईच्या इन्शुलिनचा जोर कमी पडतो. बहुतेकींचे शरीर जास्त इन्शुलिन करून ते निभावते, काहींचे निभावत नाही. मग आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचे इन्शुलिन जात नाही. बिचारे बाळ स्वतःच इन्शुलिन करीत बसते आणि अंगाने वाढत जाते. बाळंतपण अवघड होते. नाळ कापली की आईकडची साखर थांबते, बाळाचे इन्शुलिन मात्र चालूच, त्यामुळे त्याची साखर एकदम उतरू शकते.

‘आमच्या वेळी नव्हते बाई असले काही!’ असे वडीलधाऱ्या म्हणतात. होते, पण पाहत कोण होते? बोस्टनमध्ये ओसुलिव्हन व महान या दोघांनी ७५२ गर्भवतींचे रक्त तपासून १९६४ साली आकडे ठरवून दिले, तेव्हा कोठे याला मोजमाप आले.

वारेचा जोर सहाव्या-सातव्या महिन्यात वाढतो, म्हणून ही तपासणी पुष्कळ ठिकाणी २४ ते २८ आठवड्यांत करीत. म्हणजे आपल्या डोहाळजेवणाच्या सुमारास! तोवर बाळाची बरीच वाढ झालेली असते. दूध उतू जाण्याआधी पातेल्याच्या कडेला बुडबुडे दिसतात, तशी काही खूण पहिल्या तीन महिन्यांतच रक्तात सापडेल का, याचा शोध शास्त्रज्ञ करीत आहेत. चरबीच्या पेशींतून अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचा एक पदार्थ रक्तात येतो आणि इन्शुलिनला मदत करतो. पुढे ज्यांना हा मधुमेह झाला, त्यांच्यात तो आरंभीच कमी असल्याचे बऱ्याच अभ्यासांत दिसले. पण कमी असूनही काहींना काही होत नाही, आणि पुरेसा असून काहींना होते. म्हणून त्या एकाच खुणेवर अजून भिस्त ठेवता येत नाही. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून जी तपासणी आपण ऐकतो, तिचा आकडाही गरोदरपणात आणि रक्त कमी असेल तर फसवा येऊ शकतो. आणि आपल्या बायकांत रक्त कमी नसलेली शोधावी लागते!

तेव्हा आज हाती आहे ते सोडू नये. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने २०१४ साली नियम केले व २०१८ साली सुधारले. पहिल्या भेटीतच तपासणी, आणि ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. उपाशी जावे लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे, दोन तासांनी रक्त द्यायचे. आकडा १४० किंवा वर आला तर मधुमेह धरतात. ही सोपी रीत आपल्याकडे रूढ होण्यामागे चेन्नईचे डॉ. शेषय्या यांची खटपट आहे.

आता आपली अडचण. तिसरा महिना उलटेपर्यंत बाहेर सांगायचे नाही, ही आपली रीत. गावाला सांगू नका, पण डॉक्टरांना सांगा! बाळाचे हृदय, पाठीचा कणा पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच आकार घेतात. आईला आधीचाच मधुमेह असेल तर तो तेव्हाच कळायला हवा. २०२३ साली ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि भारत येथील सुमारे ८०० स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत वीस आठवड्यांच्या आत उपचार सुरू केलेल्यांच्या बाळांना जन्मतेवेळचा त्रास काहीसा कमी झाला. फार मोठा फरक नव्हे, पण आईला तो थोडा कसा वाटेल?

माझ्या भाचीच्या सासूबाई म्हणाल्या, ‘पोर काडीसारखी, तिला कसली साखर?’ पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांत माता व मुलांचा अभ्यास चालवला. आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी, पण चरबीत तशी कमी नाहीत, असे त्यांना आढळले. बारीक दिसण्यावर जाऊ नये. भाचीची पहिली तपासणी चांगली आली, दुसरीत १५२. घरात सुतक पडल्यासारखे झाले. ‘सुनेत खोट निघाली’ हे शब्दही कानावर आले. पण जेवण बदलले, रोज चालणे ठेवले, आणि जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या आत राहिली. काहींना गोळ्या वा इन्शुलिन लागते, त्यात कमीपणा कसला?

आणखी एक. मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते आणि तपासणीचे कार्ड सासरी कपाटात राहते. ते पहिल्यांदा पिशवीत घाला, साड्या मागून.

आणि बाळंतपण झाले म्हणजे साखर गेली, असे धरून चालू नये. अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त पाहायचे. आपला सव्वा महिना संपतो तेव्हाच! डिंकाचे लाडू तिच्यापुढे ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सरकारी दवाखान्यात गर्भवतीला आवश्यक तपासण्या मोफत आहेत. दोन तास बसावे लागते, म्हणून मुली कंटाळून उठून जातात. सोबतीला कोणी नसेल तर मला हाक मारा, मी विणकाम घेऊन येईन.