‘जंत आढळले नाहीत’ : स्वागताध्यक्षीय भाषण



मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली उभारलेले रुग्णालय आणि १९६२ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे कृष्णाकाठची वैद्यकाची परंपरा जुनी आहे. तरीही पोटातील जंतांचे निदान पुष्कळदा एका डबीतल्या एकाच नमुन्यावर ठरते, आणि खरी अडचण तेथेच आहे.

विष्ठेत अंडी सापडण्यासाठी आतड्यात वयात आलेली मादी असावी लागते. गोलकृमीची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, त्यामुळे ती सहसा नजरेतून सुटत नाही. परंतु तिची अळी फुप्फुसांतून फिरून आतड्यात वाढेपर्यंत दोन-तीन महिने जातात आणि त्या अवधीत मूल खोकत असले तरी अहवाल निर्दोषच येतो. अंकुशकृमी, म्हणजे आतड्याच्या अस्तराला धरून रक्त शोषणारा जंत, याहून फसवा आहे. काटो-कात्झ पद्धतीत सुमारे ४१.७ मिलिग्रॅम विष्ठा ग्लिसरिनमध्ये भिजविलेल्या सेलोफेनखाली दाबून अंडी मोजतात आणि २४ ने गुणून दर ग्रॅमची संख्या काढतात. या पद्धतीत अंकुशकृमीची पातळ कवचाची अंडी तासाभरात दिसेनाशी होतात. उलट, नमुना उन्हाळ्यात दिवसभर पडून राहिला, तर अंडी उबून अळ्या बाहेर येतात आणि त्या स्ट्राँगिलॉइडिस या वेगळ्याच जंताच्या समजल्या जाऊ शकतात. सूतकृमीची मादी गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर रात्री अंडी घालते. तेथे सकाळी शौचापूर्वी लावलेली चिकटपट्टी कामाची, शौचतपासणी बहुधा व्यर्थ.

उसाच्या ओल्या रानात अनवाणी राबणारा तोडणी मजूर आज कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, असतो, तर गळीत हंगाम संपताच गावी परततो. एकाच नमुन्याची उणीव भरून काढायला त्याच्याकडून तीन दिवसांचे तीन नमुने मिळविणे कागदावरच सोपे आहे. शिवाय २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. हे हितावहच आहे, पण जंतांचा भार घटला की अंडीही विरळ होतात आणि एकाच नमुन्यावरचा नकार अधिक अविश्वसनीय ठरतो.

म्हणून ‘जंत आढळले नाहीत’ एवढेच लिहून अहवाल न देता नमुने किती, पद्धत कोणती आणि तपासणी किती तासांनी झाली, हे त्यात नोंदवावे, असा ठराव सातारा व सांगली जिल्ह्यांतील डॉक्टर व प्रयोगशाळा-तंत्रज्ञांच्या या परिषदेने करावा, ही स्वागत समितीची विनंती आहे.