लाल गाडीने पहाडापर्यंत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझी जागा मागच्या बाजूला, चुलीजवळ असते. यंदा कार्यवाहबाईंनी सांगितले, "वड्याचे पीठ दुसरी कोणी भिजवील. तुम्ही एस.टी.ने पहाडात जाऊन हिंडून येता, त्याबद्दल चार शब्द बोला." मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. तेव्हा घरी ओट्यावर बसून सांगावे तसेच सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

आपण बायका डोंगर चढत नाही असे नाही. माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या चढतो, वणीला सप्तशृंगीला जातो, शेगावला पायी निघतो. पण त्यामागे काही तरी नवस असतो, नाही तर कुणाच्या तरी नावाची ओटी असते. नुसते चालायला नि पाहायला जाते म्हटले, की घरातून पहिला प्रश्न येतो, "काहून?" मलाही तो आला. माझ्या सासूबाईंनी विचारले, "काहून वं, तिथं काय नवस हाय?"

कारण साधे होते. माझ्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. गावातल्या रस्त्यावर चालायला लागले, तर जो भेटेल तो विचारी, कुठे चालल्या? कुठे तरी जायचे असल्याशिवाय बाईने चालावे, ही गोष्टच लोकांना उमगत नाही. अशातच 17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "चालायचंच हाय, तं चिखलदऱ्याले जाऊन चालू." थट्टेत निघालेला शब्द, पण मनात बसला.

एके काळी आपल्या मूर्तिजापूरहून अचलपुरापर्यंत 76 किलोमीटर शकुंतला गाडी जात असे. दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करीत ती थेट पहाडाच्या पायथ्याकडे नेई. आता ती धावत नाही. राहिली एस.टी. मूर्तिजापूरहून दर्यापूर-अंजनगावावरून परतवाडा, आणि परतवाड्याला गाडी बदलून घाटाने चिखलदरा. सुमारे 1,100 मीटर उंचीचे ते ठिकाण. अंजनगाव सुटले, की उजेड स्वच्छ असेल तर खिडकीतून सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते.

पहिल्या खेपेला आम्ही दोघीच गेलो. त्या वर्षी श्रावण दोन होते. निज श्रावणातला दिवस, वर धुके असे, की दहा पावलांवरची म्हैस दिसेना. आम्हाला आनंद आवरेना. देवी पॉइंटला गेलो. तिथे कड्याखाली देवीचे ठाणे आहे आणि वरच्या खडकातून पाणी ठिबकत असते. तिथून परतायचे सोडून अजून पुढे, अजून पुढे करीत चालत राहिलो. स्टँडवर येऊन पाहतो तो शेवटची गाडी वेळेवर निघून गेलेली. चूक गाडीची नव्हे, आमचीच. फोनला रेंज नाही. अंधार पडू लागला. चहाच्या टपरीवरच्या बाईने आत बसवून घेतले आणि खवा घेऊन खाली जाणाऱ्या एका जीपमध्ये जागा करून दिली. परतवाड्याला पोचलो, तो आपल्या बाजूची गाडीही गेलेली. अचलपुरात जाऊबाईंच्या मावशीकडे रात्र काढली. तिथून घरी फोन लागला, तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

दुसऱ्या दिवशी घरी आले. यजमान दोन दिवस बोलले नाहीत. सासूबाई बोलल्या, "पाह्यला नं पहाड? आता बसा घरी." आळीतही बोलणे झाले. इथे बसलेल्यांपैकीही काही जणी बोलल्या असतील. मी राग धरला नाही. मलाच वाटू लागले होते, की आपले जाणे संपले. दोन महिने मी चिखलदऱ्याचे नाव काढले नाही.

मग एके दिवशी यजमानांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. ते स्वतः स्टँडवर जाऊन चौकशीच्या खिडकीतून गाड्यांच्या वेळा लिहून घेऊन आले होते. म्हणाले, "जायचं असंन तं यायची गाडी आधी पाहत जा." घरातून जाऊ नको म्हणणे वेगळे आणि परत ये म्हणणे वेगळे, हे मला त्या कागदाने कळले.

तेव्हापासून आमचा हिशोब उलटा असतो. परतवाड्याहून आपल्या बाजूला येणारी शेवटची गाडी कोणती, हे आधी पाहायचे. ती मिळायला चिखलदऱ्याहून कोणती गाडी हवी, ते मग. त्या गाडीच्याही आधीची गाडी आपली समजायची, म्हणजे एक हुकली तरी एक उरते. वेळा बदलतात, म्हणून वर उतरताना कंडक्टरला पुन्हा विचारायचे. हाती जेवढा वेळ राहील त्याचे तीन वाटे करायचे. एक जायला, एक यायला, आणि एक हात लावायचा नाही. महिन्याच्या खर्चातून आपण डब्यात चार पैसे बाजूला ठेवतो, तसा तो.

दिवाळीनंतर पुन्हा निघालो. या वेळी गाविलगड पाहायचा होता. हा किल्ला बहमनी सुलतान अहमदशहा वली याने 1425 साली बांधला असे सांगतात. गवळ्यांच्या वस्तीवरून गाविलगड नाव पडले, असेही म्हणतात. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे होता. 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रजांनी तो घेतला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. इंग्रज सेनापती वेलस्ली पुढे 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. त्याच्या फौजेची एक तुकडी अचलपुराहून निघून डोंगरातून वाट काढीत, तोफा हातांनी ओढीत वर गेली होती. घाटात आपली लाल गाडी घरघरते, तेव्हा मला त्या तोफा ओढणाऱ्यांची आठवण येते. आपण तर खिडकीशी बसून शेंगदाणे खात जातो.

त्या दिवशी गडाचे पहिले प्रवेशद्वार ओलांडले आणि जाऊबाईंनी घड्याळ पाहिले. जाण्याचा वाटा संपला होता. पुढचा दरवाजा समोर दिसत होता. जाऊबाई म्हणाल्या, "दहा मिनिटं." मी म्हटले, "मागल्या खेपेलेही आपण दहाच मिनिटं म्हटलं होतं." आणि मागे फिरलो. पाय जड झाले होते, पण दिवेलागणीला घरी होतो. सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिले, काही बोलल्या नाहीत. मैत्रिणींनो, माझ्या मते आमचे पुढचे सारे जाणे त्या मागे फिरण्याने झाले.

तिसऱ्या खेपेला, थंडीत, आळीतल्या आणखी तिघी आल्या. पहाटेची गाडी धरली. आतल्या दरवाजावर कोरलेले वाघसिंह नि दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी पाहिला. तळ्याकाठी भाकर, ठेचा नि कांदा खाल्ला. घरी याच भाकरीला कोणी हात लावीत नाही, तिथे चतकोरासाठी भांडण झाले. दुसऱ्या एका दिवशी भीमकुंड पाहिले. कीचकाला मारून भीमाने तिथे हात धुतले आणि कीचकदऱ्याचे चिखलदरा झाले, असे सांगतात.

चार गोष्टी अनुभवाच्या सांगते. चप्पल घालू नका, मागे पट्टा असलेली किंवा कापडी बूट घाला. पावसाळ्यात दगड शेवाळलेले असतात आणि गडाची तटबंदी ठिकठिकाणी ढासळली आहे, कडेला जाऊ नका. माकडे फार, खाण्याची पिशवी हाती धरू नका. मेळघाट 1973-74 पासून वाघांसाठी राखलेले रान आहे. रुळलेल्या वाटेवरच चाला, आणि जंगलात शिरायचे असेल तर वनखात्याची परवानगी नि वाटाड्या घेऊनच. नरनाळ्यासाठी अकोल्याहून अकोटपर्यंत एस.टी. आहे. पुढे शहानूरच्या बाजूने वर जातात, तिथेही हेच नियम. आणखी एक. आपल्या गावात गाडगेबाबांनी धर्मशाळा नि गोरक्षण उभे केले. त्या गावच्या बायकांनी पहाडावर कागद नि पिशव्या टाकून येऊ नये. आपला कचरा आपल्याच पिशवीत परत आणावा.

आता शेवटचे सांगते. 2024 साली गणपती उठल्यावर सासूबाई अचानक म्हणाल्या, "मले बी घेऊन चाल." त्यांचे माहेर पथ्रोटकडचे. सारे लहानपण पहाड समोर दिसे, पण आयुष्यात वर जाणे झाले नाही. आधी शेत, मग लग्न, मग आम्ही. वय 77. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना 2022 पासून एस.टी.त तिकीट नाही. कंडक्टरने त्यांचे कार्ड पाहून परत दिले, तेव्हा त्यांना फार मोठेपणा वाटला. वर स्टँडपासून रिक्षा केली आणि शेवटची थोडी वाट माझा हात धरून त्या चालल्या. कड्याजवळ दगडावर बसवले. खाली वऱ्हाडाचे मैदान पसरलेले. त्या पुष्कळ वेळ माहेरचे गाव शोधीत होत्या. सापडले नाही. मग पहाडाकडे पाहून म्हणाल्या, "आमच्या आंगनातून तं हा निळा दिसे. हा तं हिरवा हाय वं."

त्या दिवशी आम्ही फार तर दोनशे पावले चाललो असू. पण परतीच्या गाडीत त्यांनी मला विचारले, "आता पुढं कवा?" "काहून" नाही विचारले.

येत्या थंडीत मंडळातर्फे एक दिवस चिखलदऱ्याला जावे, अशी माझी विनंती आहे. ज्यांना यायचे त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावे. परतीच्या गाडीच्या वेळा मी लिहून आणल्या आहेत.