परीक्षेचे नियम आणि परीक्षार्थी



विद्यापीठाच्या परीक्षांवर बोलावयाला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. पण नियमांची पुस्तके वाचण्यात आमचा जन्म गेला. 1946 साली कारखान्यांतील स्थायी आदेशांचा कायदा झाला, तो एवढ्याचसाठी, की गुन्हा कोणता व शिक्षा कोणती हे कामगाराला आधी छापील कळावे. परीक्षार्थ्याचे मागणे याहून निराळे नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाचा मुलगा एक पत्र घेऊन युनियनच्या कचेरीत आला. निकाल राखून ठेवला आहे, अमुक तारखेस चौकशी समितीपुढे हजर राहावे, एवढेच त्यात लिहिलेले. आरोपाचा पत्ता नाही. चौकशी करता कळले, की पेपर चालू असताना त्याच्या खिशात बंद केलेला मोबाइल सापडला होता. आम्ही नियमांची पुस्तिका मिळवून वाचली. तीत चिठ्ठ्या होत्या, पुस्तके होती, शेजाऱ्याशी केलेली कुजबुजही होती, मोबाइल नव्हता. तो होता एका परिपत्रकात, आणि ते परिपत्रक कॉलेजच्या फलकावर इतर कागदांखाली टाचलेले. मुलाची चूक नव्हती, असे आम्ही म्हणत नाही. पण कारखान्यात चौकशी निघाली तर कामगाराला आरोपपत्र मिळते, साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते, सोबत एखादा सहकारी बसू शकतो. येथे एकोणीस वर्षांचे पोर पाच प्राध्यापकांपुढे एकटे. आम्हांला बाहेरच्या बाकावर बसविले. चहा मात्र दिला. मुलगा सुटला, पण निकाल हाती येईतो भरतीची मुदत टळून गेली होती.

वास्तविक उत्तर प्रदेशच्या शिक्षण मंडळाने तीन विद्यार्थ्यांचे म्हणणे न ऐकताच निकाल रद्द केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1962 सालीच सांगून टाकले, की अशा समितीने न्यायबुद्धीने वागले पाहिजे आणि आरोपिताला बाजू मांडू दिली पाहिजे. पुढे 2011 साली त्याच न्यायालयाने माहितीच्या अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. हक्क मिळाले, पण ते सोप्या मराठीत पुस्तिकेत उतरले पाहिजेत ना?

आता दुसरी बाजू. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले ते मुख्यतः परीक्षा घेण्यासाठीच. शिकविणे कॉलेजांचे काम. त्याच विद्यापीठाने 2017 साली, परीक्षा सुरू झाल्यानंतर, सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला. गिरणीत नवा माग बसवावयाचा तर आधी एका खात्यात चालवून पाहतात. तेवढेही येथे झाले नाही. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. आम्ही यंत्राचे वैरी नाही. पडद्यावर तपासणी केल्याने बेरजेच्या चुका टळतात, हे खरेच. पण ज्याने तपासावयाचे त्या प्राध्यापकाला आणि गठ्ठे वाहणाऱ्या शिपायाला बरोबर घेतल्याशिवाय कोणतेही यंत्र चालत नाही.

महाराष्ट्राचा 2016 चा विद्यापीठ कायदा म्हणतो, की निकाल तीस दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही स्थितीत पंचेचाळीस दिवसांत लावावा. प्राध्यापकाने परीक्षेचे काम टाळले तर कारवाईची तरतूदही आहे. पण उशिरामुळे विद्यार्थ्याचे जे बुडाले, त्याची भरपाई कोणी करावयाची? पगार थकला तर आम्ही व्याज मागतो. येथे निदान उत्तरपत्रिकेच्या प्रतीचे आणि फेरतपासणीचे शुल्क तरी परत द्यावे. आणि फेरतपासणीत गुण वाढले तर ते मागण्याची पाळीच येऊ नये, आपोआप परत मिळावे.

नियम जरूर बदला. मात्र वर्ष सुरू होण्यापूर्वी बदला, मसुदा आधी लोकांपुढे ठेवा, आणि परिपत्रकांची ठिगळे काढून एकच पुस्तिका दरवर्षी नवी छापा. आणखी एक गोष्ट आमच्या अनुभवाची. रात्रपाळी करून सकाळच्या पेपरला बसणारी मुले आमच्या वस्तीत आहेत. वेळापत्रक महिनाभर आधी हातात पडले तर पाळी बदलून घेता येते. आठवड्यावर आले, तर मुकादम ऐकत नाही.