एकच पर्याय निवडा

(समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगणक' असा विषय बघून दोघी-तिघींनी मघाशी मला विचारलं, "ताई, जेवणानंतर तुमचं भाषण आहे, डुलकी लागली तर चालेल ना?" चालेल. पण आधी एक प्रसंग ऐका.

२०१८ साली आमच्या केंद्राला अनुदान देणाऱ्यांनी नोंदींसाठी एक तयार सॉफ्टवेअर दिलं. तोपर्यंत आमची नोंद रजिस्टरात व्हायची. त्याच पावसाळ्यात एक बाई आली. नवरा मारायचा, पगार काढून घ्यायचा आणि रात्री जबरदस्ती करायचा. दीड तास ती बोलली. मग आमच्या कार्यकर्तीनं तिच्यासमोरच संगणक उघडला. पडद्यावर 'हिंसेचा प्रकार' असं लिहिलेलं होतं आणि खाली चार नावं होती : शारीरिक, लैंगिक, मानसिक, आर्थिक. प्रत्येकापुढे एक छोटा गोल. कार्यकर्तीनं 'शारीरिक'च्या गोलात ठिपका दिला. मग 'आर्थिक'वर टिचकी मारली, तर 'शारीरिक'चा ठिपका नाहीसा झाला. परत पहिल्यावर मारली, तर दुसरा गेला. वर बारीक अक्षरात सूचना होती : एकच पर्याय निवडा.

ती बाई बघत होती. तिनं विचारलं, "ताई, पहिलं पुसलंत का?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा सगळ्या छळाला हिंसा म्हटलं. हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे, हे कायद्यात यावं म्हणून देशभरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. आणि आमच्याच केंद्रात, आमच्याच टेबलावर, एक गोल ठिपका तिला सांगत होता की यातलं एकच खरं मान.

सॉफ्टवेअर देणाऱ्यांना आम्ही फोन केला. उत्तर आलं, "सिस्टीम तशीच आहे." जसं काही पाऊस तसाच पडतो! पण सिस्टीम आकाशातून पडत नाही. कुणीतरी खुर्चीत बसून ती लिहिलेली असते. ते गोल काढण्याचा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो. आज मला याच निर्णयाबद्दल बोलायचं आहे.

पडद्यावरच्या खिडकीत जी बटणं, चौकटी, उघडणाऱ्या याद्या दिसतात, त्यांना संगणकाच्या भाषेत 'कंट्रोल' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. कंट्रोल म्हणजे नियंत्रण. कुणाचं, हा आपला प्रश्न.

मी बी.कॉम. झालेली, केंद्राचा हिशेब लिहिणारी बाई. इंग्रजी बेताचं. वय तेव्हा सत्तेचाळीस. माझी भाची कॉलेजात पायथन शिकत होती. ती म्हणाली, "मावशी, ही खिडकी तू स्वतः लिहू शकशील." मला ती थट्टा वाटली. पण ती दर रविवारी येऊन बसली, आणि सहा महिन्यांनी आमची पहिली खिडकी उघडली.

पायथन ही स्क्रिप्टची भाषा आहे. १९९१ साली खीडो व्हान रॉसम यांनी ती प्रथम प्रसिद्ध केली. ती फुकट आहे. खिडक्या बनवायचं तिचं साहित्य म्हणजे टीकेइंटर. विंडोजवर पायथन बसवली की ते सोबतच येतं, वेगळं विकत घ्यावं लागत नाही. त्याच्या मुळाशी 'टीके' नावाचा जो संच आहे, तो अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात जॉन ऑस्टरहाउट यांनी बनवला. आणि हे पुरुषांचंच क्षेत्र असं कुणी म्हणालं, तर एक नाव सांगा : अ‍ॅडेल गोल्डबर्ग. खिडक्या आणि मेनू असलेला संगणक १९७०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या ज्या प्रयोगशाळेत घडला, तिथे स्मॉलटॉक ही भाषा घडवणाऱ्यांत ही बाई पुढे होती.

स्क्रिप्टच्या भाषेचा आपल्याला फायदा काय? तर तिचा कार्यक्रम ही साधी मजकुराची फाईल असते. साध्या नोटपॅडमध्ये उघडा, ओळ वाचा, बदला, जपून ठेवा, पुन्हा चालवा. झालं. कुणाकडे विनंतीअर्ज करायला नको.

आता त्या गोलाकडे येऊ. त्याला रेडिओ बटण म्हणतात. जुन्या मोटारीतल्या रेडिओला स्टेशनची बटणं असायची. एक दाबलं की आधीचं टप्पकन वर यायचं. स्टेशनसाठी ते ठीकच आहे, दोन स्टेशनं एकदम कोण ऐकतं? संगणकात हे कसं होतं, तेही सोपं आहे. सगळ्या गोलांना मिळून एकच डबा दिलेला असतो आणि त्या डब्यात एकच चिठ्ठी मावते. नवी टाकली की जुनी बाहेर. दुसरा प्रकार चौकोनाचा, त्याला चेकबॉक्स म्हणतात. तिथे प्रत्येक चौकोनाला स्वतःचा डबा असतो. एकावर खूण केल्यानं दुसऱ्याची पुसली जात नाही. मी चार गोलांचे चार चौकोन केले. मोजून चार ओळी बदलल्या. तेवढ्यासाठी आम्ही वर्षभर फोन करत होतो!

नंतर आली यादी. 'छळ करणाऱ्याशी नातं' यावर टिचकी मारली की पती, सासू, सासरा, दीर, नणंद अशी यादी उघडायची. एक दिवस साठीची आजी आली. तिला मारणारा तिचा पोटचा मुलगा होता. यादीत मुलगा नव्हता. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आमची कार्यकर्ती नाइलाजानं 'दीर' निवडून मोकळी झाली असती, आणि वर्षाच्या अहवालात दिरांची संख्या एकानं वाढली असती. आईला मारणारा मुलगा कागदावर कुठेच नसता.

या यादीच्या कंट्रोलला 'स्थिती' असते. एका स्थितीत यादीतलंच निवडता येतं. दुसरीत यादीबाहेरचंही लिहिता येतं. दोहोंत फरक एका शब्दाचा. तो शब्द बाईचं तोंड बंद करतो किंवा उघडतो. आम्ही यादी उघडी ठेवली, आणि दर तीन महिन्यांनी बायकांनी यादीबाहेरचं काय सांगितलं ते वाचतो. मुलगा, सून, भाऊ, भाऊजी, सावत्र मुलगा अशी नाती तिथूनच यादीत आली. कायदाही एका जागी थांबत नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं या कायद्यातले 'प्रौढ पुरुष' हे शब्द रद्द केले, त्यामुळे बाईविरुद्धही दाद मागता येऊ लागली. १ जुलै २०२४पासून नव्या गुन्ह्यांसाठी ४९८-अ जाऊन भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६ आली. ती आम्ही त्याच आठवड्यात यादीत घातली.

आता माझ्या चुका सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई फुशारकी मारतेय.

पहिली चूक. माझ्या पहिल्या खिडकीत 'पतीचे नाव' ही चौकट भरल्याशिवाय नोंद जपली जायची नाही. हे मीच लिहिलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. वीस वर्षं चळवळीत काढलेल्या माझ्या बोटांनी बाईची ओळख नवऱ्यापासून सुरू केली! नवऱ्यानं टाकलेली एक तरुण मुलगी म्हणाली, "त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून तर इथे आले." त्या रात्री ती ओळ काढली. जुनं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यावर मी तोंडसुख घेत होते. पण खिडकी लिहिणाऱ्याच्या मनातलं सगळं खिडकीत उतरतं, ते माझ्याही उतरलं.

दुसरी चूक जास्त महागात पडली. ती समजायला अशा कार्यक्रमाचं काम कसं चालतं ते सांगायला हवं. जुने कार्यक्रम प्रश्न विचारत जायचे. नाव काय? गाव काय? लग्न कधी झालं? उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न नाही. अगदी पोलीस ठाण्यासारखं. खिडकीवाला कार्यक्रम तसा नसतो. तो खिडकी मांडतो आणि वाट बघत बसतो. तुम्ही जिथे टिचकी माराल, तिथलं काम तो करतो. बाईनं शेवटापासून सुरुवात केली तरी चालतं. समुपदेशन याहून वेगळं काय असतं? आपणही तिच्या क्रमानंच ऐकतो.

पण हे वाट बघणं एकच जण करत असतं. समजा, दारात एकच बाई बसली आहे. तिला तुम्ही मागच्या दारी दळायला पाठवलं, तर पुढे दार वाजवणाऱ्याला कोण उघडणार? मी 'वार्षिक अहवाल' असं एक बटण केलं होतं आणि सगळी आकडेमोड त्या बटणातच कोंबली होती. मार्चमध्ये एका कार्यकर्तीनं नोंद लिहिता लिहिता चुकून ते दाबलं. खिडकी गोठली. तिला वाटलं संगणक बिघडला, तिनं बटण दाबून तो बंद केला. चाळीस मिनिटांचं लिहिलेलं गेलं. त्या बाईला दुसऱ्या दिवशी बोलावून तेच सगळं पुन्हा विचारावं लागलं. बलात्काराची हकीकत होती. ती दुसऱ्यांदा सांगताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "काल सांगितलं होतं ना?"

मी तिची माफी मागितली. मग आकडेमोडीचे लहान लहान तुकडे केले, म्हणजे दारातली बाई मध्ये मध्ये दाराकडे येऊ शकते. टीकेइंटरमध्ये 'इतक्या वेळानंतर हे कर' असं सांगायची सोय आहे. तिचा उपयोग करून दर तीस सेकंदांनी मजकूर आपोआप जपला जाईल असं केलं. हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं.

तिसरी गोष्ट पासवर्डची. खिडकी उघडताना पासवर्ड विचारला जायचा, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. एकदा भाचीनं आमची नोंदींची फाईल दुसऱ्याच कार्यक्रमात उघडून दाखवली. सगळी नावं, सगळे पत्ते समोर! खिडकीला कडी लावली म्हणून तिजोरी बंद होत नाही. तेव्हापासून संगणकाची पूर्ण डिस्क सांकेतिक रूपात कुलूपबंद केली आहे, आणि तिची किल्ली दोघींकडेच असते. शिवाय एस्केप ही कळ दाबली की आमची खिडकी क्षणात पडद्यावरून खाली जाते. सासरची माणसं न सांगता दारात उभी राहतात, हे तुम्हाला मी काय सांगू?

तुम्ही म्हणाल, आम्हाला मोर्चे आहेत, कोर्टाच्या तारखा आहेत, त्यात हे कुठे? खरं आहे. प्रत्येकीनं पायथन शिकावं असं मी म्हणत नाही. मलाही अजून भाचीला फोन करावा लागतो, आणि रजिस्टर आम्ही आजही बंद केलेलं नाही. पण जिल्ह्यात एकीला तरी ती फाईल उघडून वाचता यावी. कारण आपल्या नोंदींतूनच आकडे तयार होतात, आकड्यांतून अहवाल, आणि अहवाल दाखवूनच आपण सरकारशी भांडतो. जे खिडकीत मावलं नाही ते आकड्यात येत नाही, आणि आकड्यात आलं नाही ते घडलंच नाही असं आपल्याला सांगितलं जातं.

तेव्हा परत गेल्यावर एवढंच करा. तुमच्या केंद्राचा फॉर्म, कागदावरचा असो की पडद्यावरचा, पेन्सिल घेऊन वाचा. प्रत्येक गोलाला विचारा, तू गोल का, चौकोन का नाहीस? प्रत्येक यादीला विचारा, तुझ्याबाहेर कोण राहिलं? सक्तीच्या प्रत्येक चौकटीला विचारा, सक्ती कुणासाठी? उत्तरं लिहून पुढच्या बैठकीला आणा. आमची फाईल मी सगळ्यांना देईन, अर्थात नोंदींशिवाय. ती तुमच्या भागाप्रमाणे, तुमच्या बोलीप्रमाणे बदला.

ती पहिली बाई नंतर पोटगीच्या अर्जासाठी पुन्हा आली. तिची नोंद मी तिच्यासमोर उघडली. चारही चौकोनांत खुणा होत्या. तिनं त्या बोटानं मोजल्या आणि म्हणाली, "हां, आता बरोबर आहे."