आधी छर्रा, मग रायफल

2008 साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने 10 मीटर एअर रायफलमध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं. 2022 मध्ये कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील त्याच प्रकारात जगज्जेता झाला. अशी बातमी आली की घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी नेमबाजीचा हट्ट धरते. काही महिने क्लबच्या रायफलीवर निघतात आणि मग स्वतःच्या रायफलीचा विषय येतो. कंपनी कुठली, वजन किती, दस्ता लाकडी की ॲल्युमिनियमचा, नवी घ्यायची की वापरलेली, या सगळ्याचा खल होतो. छर्रे कसले वापरायचे हे मात्र कोणी विचारत नाही. दुकानदार पैसे मोजून झाल्यावर एक डबी हातात ठेवतो. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा हवा. छर्रा आधी ठरवावा, आणि घरी सराव करणाऱ्या मुलासाठी तो शिशाचा नसावा, टिनचा असावा.

रायफलीच्या प्रकाराबद्दल मात्र फारसा वाद नाही. स्प्रिंगची बंदूक सोडून पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेची रायफल, का घ्यायची, याचं उत्तर सरळ आहे. स्प्रिंगच्या बंदुकीत घोडा दाबल्यावर आतला जड दट्ट्या धावतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच बंदूक हलते. पीसीपीत हवा आधीच नळकांड्यात भरलेली असते, साधारण 200 बार दाबाने. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज करा. जड दट्ट्या धावत नाही आणि रेग्युलेटर प्रत्येक वेळी सारख्याच दाबाची हवा सोडतो, त्यामुळे धक्का जवळजवळ नसतो आणि चुकलेल्या नेमाचं खापर बंदुकीवर फोडता येत नाही. शिकणाऱ्याला हेच हवं असतं. स्पर्धेच्या रायफलीतून अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 ते 175 मीटर वेगाने निघतो. ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास भरते, म्हणजे आपल्याकडे परवान्याविना चालणाऱ्या 20 ज्यूलच्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी.

आता शिशाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातली शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात. आपण 2000 साली पेट्रोलमधून शिसं काढलं, नंतर घरगुती रंगांतही त्यावर कडक मर्यादा घातली. यावर जाणकार नेमबाज एक रास्त आक्षेप घेतात: एअर रायफलीत बारूद नाही, जळणारी टोपी नाही, मग शिशाचा धूर येणार कुठून? आक्षेप बराचसा खरा आहे. म्युनिकच्या संशोधकांनी 2009 मध्ये बंदिस्त रेंजवरच्या नेमबाजांच्या रक्तातलं शिसं मोजलं, तेव्हा फक्त एअर गन वापरणाऱ्यांत ते सर्वांत कमी निघालं, मोठ्या बोअरवाल्यांत त्याच्या तिपटीच्या आसपास. म्हणून मी घबराट पसरवणार नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. शिवाय रेंज आणि घर यांत फरक आहे. घरी छर्रा लक्ष्यामागच्या पेटीतल्या लोखंडी पत्र्यावर चपटा होतो, त्याची भुकटी तिथेच साचते, आणि ती पेटी बाल्कनीत झाडली जाते. डबी जेवणाच्या टेबलावर असते. पटकन भरता यावेत म्हणून काही मुलं छर्रे ओठांत धरतात, हे तर सर्वांत वाईट.

दुसरा आक्षेप अचूकतेचा, आणि तो अधिक वजनदार आहे. शिसं जड आणि मऊ, नळीच्या आट्यांत छान बसतं. स्पर्धेच्या नळ्या त्याच्यावरच पारखलेल्या असतात. टिनचा छर्रा हलका, साधारण 0.35 ग्रॅमचा. तो सेकंदाला 200 मीटरच्या आसपास सुटतो असं धरलं, तर 10 मीटरवर शिशाचा छर्रा 17 मिलिमीटर खाली येईल आणि टिनचा 12. म्हणजे नेम न बदलता टिनचा छर्रा जवळपास दोन वर्तुळं वर लागेल. हे पाहून पुष्कळ जण टिनला नावं ठेवतात, पण ही चूक साइटची. ती काही क्लिक फिरवली की प्रश्न मिटतो. उरतो तो छऱ्यांच्या पसाऱ्याचा प्रश्न. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पण छर्रा त्याला नुसता शिवला तरी दहा गुण मिळतात. म्हणून सगळे छर्रे मिळून साडेनऊ मिलिमीटरच्या वर्तुळात बसत असतील, तर रायफल दरवेळी दहा देऊ शकते. नवशिक्याचा स्वतःचा हात याहून कितीतरी जास्त हलतो. त्याचे छर्रे सात-आठच्या वर्तुळांत पसरतात. तिथे टिनने एक-दोन मिलिमीटर वाढवले, तरी गुणपत्रकात ते शोधूनही सापडणार नाहीत. दशांशांत गुण मोजले जाण्याच्या पातळीवर पोचल्यावर हवं तर शिशाकडे जावं. तोवर शिस्तही लागलेली असते: सरावानंतर साबणाने हात धुणं, पेटी कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसणं.

टिन महाग आहे आणि प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही, हे खरं. पण रायफलीच्या किमतीपुढे हा फरक लहान आहे, आणि रोज शंभर छर्रे उडवण्यापेक्षा चाळीस विचारपूर्वक मारलेले बरे. नळी झिजेल ही भीती टिनच्या बाबतीत निराधार आहे. टिन पोलादापुढे फारच मऊ. जस्ताचं मिश्रण मात्र कडक असतं, ते टाळावं. बिनशिशाचे छर्रे अधिक उसळतात, तेव्हा पेटीचा मागचा पत्रा तिरका हवा किंवा आत लांबीसारखा चिकट थर हवा, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. स्पर्धेत चालतील का, अशी शंका असेल तर आंतरराष्ट्रीय नियम शिसं किंवा इतर मऊ पदार्थ असंच म्हणतो. टिन त्यात बसतं.

तेव्हा दुकानात जाताना दोन-तीन प्रकारच्या टिनच्या डब्या बरोबर न्या. रायफल व्हाइसमध्ये धरून प्रत्येक डबीतले दहा छर्रे मारायला सांगा आणि पसारा मोजा. वेग कमी-जास्त करता येतो का, विचारा. वापरलेली रायफल असेल तर सगळ्यात आधी हवेच्या नळकांड्यावरची तारीख वाचा. मुदत संपलेलं नळकांडं रायफल कितीही नामवंत असली तरी घेऊ नये. स्पर्धेत त्याची जबाबदारी नेमबाजावरच असते. नळकांड्यात कोरडी, स्वच्छ हवाच भरायची. ऑक्सिजन कधीही नाही, कारण इतक्या दाबाखाली तो ग्रीसला भेटला की स्फोट होऊ शकतो.