धूळपाटीवरून ज्ञानकोशाकडे

जुन्या पंतोजींच्या शाळेत मुलाचा पहिला आकडा धूळपाटीवर उमटत असे. बोटाने काढावा, चुकला तर हात फिरवून पुसावा आणि पुन्हा काढावा. चुकण्याला तेथे काही मोल पडत नसे, म्हणून शिकण्याला भीती नसे. विकिपीडिया हा सर्वांनी मिळून लिहावयाचा ज्ञानकोश. त्याच्या मराठी आवृत्तीत नवख्या लेखकाला हात बसविण्यासाठी जे पान राखून ठेवले आहे, त्याचे नावही ‘धूळपाटी’ असेच आहे. हे नाव देणाऱ्याची दृष्टी शिक्षकाची होती, असे म्हटले पाहिजे.

हा ज्ञानकोश २००१ च्या जानेवारीत इंग्रजीत निघाला. मराठीत तो २००३ च्या मे महिन्यापासून आहे. त्यातील बहुतेक लेख कोणालाही दुरुस्त करता येतात. गणिताची आवड असलेला एखादा शिक्षक किंवा विद्यार्थी मोठ्या उमेदीने तेथे येतो, दोन ओळी लिहितो आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्या ओळी नाहीशा झालेल्या! कोणी पुसल्या, का पुसल्या, ह्याचा उलगडा त्याला होत नाही. तो हिरमुसून परत फिरतो आणि ज्ञानकोश एका लेखकाला मुकतो. गणिताच्या लेखांत हा धोका विशेष आहे. तेथे चूक चटकन डोळ्यांत भरते, आणि चूक काढणाऱ्याला आपल्या अचूकपणाचा थोडा ताठाही असतो.

एक उदाहरण घेऊ. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ह्यांनी १९४९ मध्ये ६१७४ ह्या संख्येचा एक चमत्कार दाखवून दिला. ३५२४ ही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले तर ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. हीच कृती पुन्हा केली की ८३५२, आणि आणखी एकदा केली की ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहते.

आता नवखा लेखक लिहितो, ‘कोणतीही चार अंकी संख्या घेतली तरी अखेरीस ६१७४ येते.’ हे विधान चुकीचे आहे. ११११ घेतली तर पहिल्याच वजाबाकीत शून्य येते. उतावळा संपादक सगळे वाक्य खोडून मोकळा होतो. जाणता संपादक ‘सर्व अंक सारखे नसलेली’ एवढे शब्द मध्ये घालतो आणि बदलाच्या सारांशात लिहितो, ‘११११ घेऊन पाहावे.’ तीन शब्दांचे हे कारण. परंतु त्याने नवख्याचा अपमान टळतो आणि त्याला गणितही कळते. पुढे तोच नवखा २१११ घेईल, ९९९ ही वजाबाकी काढील आणि दुसऱ्या खेपेस शून्यावर येऊन गोंधळेल. तेव्हा ती संख्या ०९९९ अशी चार अंकांत लिहावयाची, हे त्याला लेखाच्या चर्चापानावर सांगावे. असे सांगताना लेखात ही सूचनाच राहून गेली आहे, हेही पुष्कळदा ध्यानात येते. नवख्याची अडचण ही अनेकदा लेखातीलच उणीव असते.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. गणित जाणणाऱ्याला वाटते, की सिद्धता हातात असली म्हणजे झाले. आपल्या वहीतील नवा निष्कर्ष तो लेखात उतरवितो. परंतु ज्ञानकोशाचा नियम असा, की अन्यत्र प्रसिद्ध न झालेले संशोधन तेथे घालावयाचे नाही. हा नियम कापरेकरांनाही लागू पडला असता. त्यांचा ह्या संख्येवरील लेख १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ ह्या नियतकालिकात छापून आला, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर ह्यांनी आपल्या सदरात त्यांची ओळख करून दिल्यावर त्यांचे नाव जगभर गेले. आज ज्ञानकोशाला आधार मिळतो तो अशा छापील लेखनाचा. नवख्याला हे नीट समजावून द्यावे, की ही त्याच्या बुद्धीवरील शंका नव्हे. वाचक लेखकाला ओळखत नाही. त्याला पडताळता येईल असे काही हाती हवे, इतकेच. साधी वजाबाकी मात्र कोणीही पडताळू शकतो; तिला आधाराची अट नाही.

तिसरी अडचण शब्दांची. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत ‘मूळ संख्या’ म्हणतात. हिंदीतून शिकलेला इंदूरचा मराठी विद्यार्थी तिलाच ‘अभाज्य संख्या’ म्हणेल. एकाने दुसऱ्याचा शब्द खोडीत बसण्यात अर्थ नाही. एक शब्द मथळ्याला ठेवावा, दुसऱ्याचा उल्लेख आरंभी करावा, आणि त्या दुसऱ्या शब्दाने शोधणाराही त्याच लेखावर पोहोचेल असे पुनर्निर्देशन करावे. नैसर्गिक संख्या शून्यापासून धरावयाच्या की एकापासून, ह्या वादाचेही तसेच. दोन्ही प्रघात रूढ आहेत. लेखात कोणता धरला आहे, ते स्पष्ट सांगितले म्हणजे पुरे.

राहता राहिली सूत्रे. ती डोनाल्ड कनूथ ह्यांच्या ‘टेक’ ह्या मांडणीच्या भाषेच्या धर्तीवर लिहावी लागतात. एखादा महिरपी कंस मिटावयाचा राहिला, की सूत्राच्या जागी लाल अक्षरांत तक्रार उमटते आणि नवखा घाबरतो. वस्तुतः काही बिघडलेले नसते. लेखाच्या इतिहासात प्रत्येक जुनी आवृत्ती जपलेली असते. ती क्षणात परत आणता येते.

अशा वेळी तो कंस मिटविण्याचा मोह जुन्या संपादकाने आवरावा. चूक कोणत्या ओळीत आहे तेवढे दाखवावे आणि दुरुस्ती नवख्याच्याच हातून होऊ द्यावी. त्यात एखादा दिवस जाईल. लेख तितका वेळ थांबू शकतो.